चार टीबीच्या डबीत मेमरी कार्ड

जीनोमच्या डेटासाठी लॅपटॉप घेणार असाल, तर ‘आय सेव्हन, अकरावी जनरेशन’ एवढ्यावर पैसे देऊ नका. पुण्यातल्या एका विक्रेत्याने मला याच चार शब्दांत गुंडाळलं.

माझं काम माणसाच्या आरएनए-सीक्वेन्सिंग डेटावर, म्हणजे पेशीतल्या आरएनएच्या वाचलेल्या तुकड्यांवर चालतं. स्टार हा अलाइनर (हे तुकडे जीनोमवर कुठे बसतात ते शोधणारा प्रोग्रॅम) मानवी जीनोमचा इंडेक्स, म्हणजे शोधसूची, मेमरीत चढवतो, तेव्हा त्याला एकट्यालाच साधारण ३० जीबी रॅम लागते. त्यामुळे ३२च्या खाली जाण्यात अर्थ नव्हता (६४ परवडली तर उत्तमच). कोअरही (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग) भरपूर हवे होते. विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर कोटेशन पाठवलं त्यात प्रोसेसर ११८००एच, म्हणजे आठ कोअरचा. वर ‘रिसर्चवाल्यांसाठी स्पेशल’ म्हणून चार टीबीचा पोर्टेबल एसएसडी, बाजारभावाच्या निम्म्याहून कमी दरात.

लॅपटॉप आल्यावर उबंटू लिनक्स टाकून एलएससीपीयू ही प्रोसेसरची माहिती देणारी कमांड चालवली, तर समोर ११६५जी७. चारच कोअर. स्टिकर दोन्हींवर ‘कोअर आय ७’च असतं, फरक आकड्यांच्या शेपटीत. एच म्हणजे जास्त वीज खाणारा, दणकट कामाचा. जी७ हा खरं तर ग्राफिक्सचा दर्जा, पण ११६५जी७ असतो पातळ, बॅटरी जपणाऱ्या लॅपटॉपचा. फोन केला तर म्हणे, “मॅडम, बिलावर आय सेव्हन लिहिलंय, आय सेव्हनच दिलाय ना?” जीएसटीचं पक्कं बिल होतं, कंटिन्जन्सीतून (संशोधनाच्या किरकोळ खर्चाच्या निधीतून) पैसे मिळवायला ते लागतंच. पण त्यावर मॉडेल नंबर शिताफीने टाळलेला.

प्रोसेसरचं पहिल्या दिवशी तरी कळलं. एसएसडीने जास्त घोळ घातला.

सीक्वेन्सिंग कंपनीकडून आलेल्या फास्टक्यू फायली (कच्चा सीक्वेन्सिंग डेटा) त्यावर उतरवल्या. एकेक फाइल कॉपी झाली की लगेच एमडी५ हा चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळवून पाहिला, सगळं ओके. नंतर पाइपलाइन (विश्लेषणाचे प्रोग्रॅम ओळीने) लावली तर जीझिपची सीआरसी एरर, म्हणजे दाबून ठेवलेली फाइल आतून बिघडल्याची खूण. फोल्डरमध्ये फायलींची नावं जागच्या जागी, साइझही बरोबर, आत मात्र कचरा. लॅबमध्ये सगळा राग त्या बिचाऱ्या कंपनीवर निघाला. त्यांच्या सर्व्हरवरच्या फायलींचे चेकसम तर चोख जुळत होते.

झालं होतं असं: एसएसडीच नकली होता. नकली ड्राइव्हचं फर्मवेअर (त्याच्या आतलंच सॉफ्टवेअर) कॉम्प्युटरला बेधडक सांगतं की माझ्यात चार टीबी जागा आहे. फायलींची यादी सहसा सुरुवातीच्या भागात लिहिली जाते आणि तेवढा भाग खरा असतो, म्हणून नावं टिकतात. खरी जागा संपली की पुढचा डेटा कुठेच लिहिला जात नाही, किंवा आधीच्या डेटावरच बसतो. एररसुद्धा येत नाही! आणि लगेच केलेला एमडी५ जुळतो तो यासाठी की लिनक्स नुकतीच कॉपी केलेली फाइल बऱ्याचदा रॅममधल्या कॅशमधूनच वाचतं. ड्राइव्ह नीट अनमाउंट करून काढा, परत लावा आणि मग चेकसम तपासा.

शेवटी एफ३प्रोब हे ड्राइव्हची खरी जागा तपासणारं टूल चालवलं. ‘काउंटरफीट’ असा सरळ शेरा आला आणि वापरण्याजोगी जागा ६० जीबीच्या आसपास. डबी उघडली तर आत बोटभर यूएसबी बोर्ड, त्यात खोचलेलं मायक्रोएसडी कार्ड आणि हाताला वजन लागावं म्हणून डिंकाने चिकटवलेली लोखंडी पट्टी. पट्टीची कल्पना कोणाला सुचली असेल, त्याला मानलं पाहिजे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार केल्यावर एसएसडीचे पैसे परत आले. प्रोसेसरवर विक्रेता अजून अडून बसलाय. व्हॉट्सॲपवरचं कोटेशन मी डिलीट केलेलं नाही, त्याच्या जोरावर जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

तुम्ही दुकानात जाल तेव्हा उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह सोबत न्या. पैसे देण्याआधी तिथेच एलएससीपीयू चालवा, डीएमआयडीकोडने रॅमच्या पट्ट्या बघा, स्मार्टसीटीएलने आतली डिस्क किती तास चाललीय ते बघा. ‘नवी’ म्हणून दिलेली डिस्क हजारो तास चाललेली निघाली तर तिथूनच परत फिरा. आणि प्रोसेसरचा पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरासकट, लॅपटॉपच्या सिरीयल नंबरबरोबर बिलावर लिहून घ्या. दुकानदार “सिस्टीममध्ये तेवढी जागा नाही” म्हणाला, तर पेनाने लिहून सही-शिक्का मागा.