नवा क्लच, तरी गिअर पडेना: एक पावसाळा काढल्यानंतर

क्लचचा पूर्ण सेट, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, उन्हाळ्याच्या शेवटी बदलला. पावसाळा गेला, उसाचा हंगाम सुरू झाला, आता लिहायला हरकत नाही. सेट चांगला आहे. पण बसवल्यावर सुरुवातीला जो ताप झाला तो सेटमुळे नव्हताच, आणि तरी जो तो बोट दाखवत होता त्या सेटकडे.

गाडी जुनी डिझेल, क्लच हायड्रॉलिक, म्हणजे पेडलकडचा मास्टर सिलिंडर ऑइलला दाब देतो आणि त्या दाबाने गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरचा रॉड पुढे सरकून क्लच सोडवतो. रोजचं जाणं-येणं बेळगाव-खानापूर, कधी निपाणी, कधी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोवा.

गॅरेजातून गाडी घेतली तेव्हा पेडल एकदम हलकं लागलं. प्लेट झिजत जाते तसं पेडल जड होतं, त्यामुळे हा फरक सुखाचा वाटला. पण इंजिन बंद असताना सगळे गिअर मुकाट पडायचे आणि चालू केलं की पहिला अडायचा, रिव्हर्स तर कर्रकन् ओरडायचा. पेडल तळाला टेकवून कसाबसा पहिला घातला तर ब्रेक सोडताच गाडी पुढे सरकायची. म्हणजे क्लच सुटतच नव्हता, पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नव्हतं.

गॅरेजवाल्याचं उत्तर, "नवीन हाय की ओ, जरा बसूदे, मग बरोबर हुतंय." नवी प्लेट बसायला काहीशे किलोमीटर लागतात हे खरं. पण त्याने सुधारते ती पकड. न सुटणारा क्लच चालवून चालवून सुटायला लागत नाही, उलट सिंक्रो रिंगा (गिअर न ओरडता जुळवणाऱ्या कड्या) खराब होतात.

दुसऱ्या फिटरने निदान केलं, प्लेट उलटी बसलीय, गिअरबॉक्स उतरवूया. शक्यता होती. बहुतेक प्लेटींवर फ्लायव्हीलकडची (इंजिनच्या जड चाकाकडची) बाजू छापलेली असते. उलटी बसली तर मधला स्प्रिंगांचा उंचवटा फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटवर लटकलं तर प्लेट वाकते, फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा काटा) खुंटीवरून निसटलेला असू शकतो, स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या खाचांवर) प्लेट अडकू शकते. पण यातलं काहीही बघायचं तर गिअरबॉक्स खाली, म्हणजे पुन्हा दिवसभराची मजुरी. त्याआधी फुकटात होणारी तपासणी कोणीच केली नव्हती.

मेव्हण्याला पेडलवर बसवलं आणि मी बॉनेट उघडून स्लेव्ह सिलिंडरच्या रॉडवर खडूची खूण केली. पेडल एकदा दाबलं तर रॉड जेमतेम हलला. झटपट तीन-चार वेळा मारलं तर बराच पुढे गेला, आणि त्याच क्षणी पहिला गिअर अलगद पडला. मग पेडल दाबून धरायला सांगितलं, तर रॉड हळूहळू मागे यायला लागला. इथे निकाल लागला. पंप केल्यावर क्लच सुटतो याचा अर्थ आतल्या प्लेटी ठीक आहेत, दाब कमी पडतोय. रॉड पूर्ण सरकूनही गिअर अडला असता तर मात्र गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत नव्हती. स्लेव्हचं रबरी बूट उचललं, आत ऑइल ओलं.

जुन्या क्लचवर ठीक चालणारा स्लेव्ह नव्यावर नेमका का गळावा, हे कळायला मला वेळ लागला. प्लेट झिजते तशी डायफ्रॅमची (प्रेशर प्लेटमधल्या स्प्रिंगची) बोटं गिअरबॉक्सकडे येतात आणि स्लेव्हचा पिस्टन आत ढकलला जातो. वर्षानुवर्षं तो तिथेच मागेपुढे होत राहतो आणि तोंडाकडचा भाग आपल्या पावसात गंजत बसतो. नवी प्लेट जाड, त्यामुळे बोटं इंजिनकडे सरकतात, पिस्टन बाहेर येतो आणि त्याचा सील नेमका त्या गंजलेल्या भागावर घासायला लागतो. माझ्या गाडीत फ्लायव्हीलही लेथवर घासून सपाट केलं होतं, त्याने पिस्टन आणखी थोडा बाहेर आला.

नवा स्लेव्ह टाकला, जुनं काळपट ऑइल काढलं, सीलबंद बाटलीतलं डॉट-४ (ब्रेक-क्लचचं ऑइल) भरून हवा काढली. हे ऑइल हवेतली ओल ओढतं. कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरली की ती मर्यादा १५५ पर्यंत उतरते. इंजिन ऑइलसारखं खनिज ऑइल त्यात घालू देऊ नका, सील फुगतात. स्लेव्हची किंमत सेटच्या मानाने किरकोळ. दुकानात बोलणं मराठीत, हिशेब कन्नडमध्ये, बिल इंग्रजीत, पण वस्तू बरोबर मिळाली.

आषाढात गाडी खानापूरला उघड्यावर बरेच दिवस उभी राहिली आणि क्लच परत सुटेना. पोटात गोळाच आला. पण यावेळी रॉड पूर्ण सरकत होता आणि पंप करून काही फरक पडत नव्हता. प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली होती. इंजिन गरम करून बंद केलं, मोकळ्या माळावर नेऊन क्लच दाबूनच गिअरमध्ये चालू केलं, हलका ब्रेक मारला. खट्ट आवाज होऊन सुटली. आता पावसात गाडी दोन-चार दिवसांआड फिरवतो.

बाकी महिने सुरळीत गेले. तवंदी घाटात उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडूनही क्लच जळल्याचा वास आला नाही, बेअरिंगचा आवाज नाही. एकच कुरबुर, थंडीत सकाळी रिव्हर्स घेताना गाडी किंचित थरथरते, पाच मिनिटांत थांबते. रिव्हर्सला सिंक्रो नाही, तेव्हा क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबावं लागतं. ते जुन्या क्लचवरही लागायचंच. मास्टर सिलिंडर अजून जुनाच आहे. तो पुढच्या पावसाआधी बदलणार.