नर्सिंग सीईटीचा क्लास, अशोक स्तंभ: फिजिक्स ठीकठाक, पण ॲप्टिट्यूड आणि कागदपत्रांना पैकीच्या पैकी

माझी मामेबहीण दिंडोरीहून या क्लासला येत होती, तिच्यासोबत मी बऱ्याचदा जाऊन बसले, मॅडमशी बोलले, नोट्स चाळल्या, आणि मी स्वतः स्टाफ नर्स असल्यामुळे काय शिकवतायत ते मला नीट कळत होतं, म्हणून सविस्तर लिहिते. नाशिकमध्ये नीटचे क्लास गल्लोगल्ली आहेत, कॉलेज रोड आणि गंगापूर रोडला तर बोर्ड वाचता वाचता मान दुखेल, पण खास नर्सिंगसाठी कुठे जायचं असं कोणी विचारलं की पटकन नाव सुचत नाही. अशोक स्तंभापासून चालत पाच मिनिटांवर दुसऱ्या मजल्यावर हा क्लास आहे, एक निवृत्त सिस्टर चालवतात, सगळी मुलं त्यांना मॅडमच म्हणतात.

आधी थोडी माहिती, कारण खूप पालकांना अजून हेच माहीत नसतं. गेल्या काही वर्षांपासून आपल्याकडे बीएस्सी नर्सिंगची वेगळी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा होते, राज्याचा सीईटी सेल घेतो, त्याआधी नीटच्या मार्कांवर प्रवेश व्हायचे. कॉम्प्युटरवर पेपर, 100 प्रश्न, 100 मार्क, दीड तास, फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी इंग्लिश आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड (म्हणजे नर्सिंगकडे कल आहे का ते बघणारे प्रश्न) प्रत्येकी 20, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे मॅडम पहिल्याच दिवशी फळ्यावर मोठ्ठं लिहितात. नीटची तयारी केलीय मग ही सीईटी अशीच निघेल असं समजून बसलेली मुलं इंग्लिश आणि ॲप्टिट्यूडला अडकतात, आणि ते दोन्ही मिळून 40 मार्क आहेत हो, थोडेथोडके नाहीत.

तर ॲप्टिट्यूड. या क्लासची खरी ताकद इथे आहे आणि माझ्या मते फी द्यायची ती याच्यासाठी. बाकी ठिकाणी ॲप्टिट्यूड म्हणजे जीकेची झेरॉक्स हातात देतात, आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या नाइटिंगेलबाईंचा जन्म 12 मे 1820, जागतिक आरोग्य दिन 7 एप्रिल, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा 1947 चा, झालं, पाठ करा. ते इथेही आहेच, पण मॅडम त्याच्या खूप पुढे नेतात. मी बसले होते त्या दिवशी त्यांनी मुलांच्या जोड्या पाडल्या आणि एकमेकांची नाडी मोजायला लावली. अर्ध्या मुलांनी अंगठा लावला. मॅडम एकेकाजवळ गेल्या, अंगठा उचलून बाजूला केला, मधली दोन-तीन बोटं मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवली आणि सांगितलं की अंगठ्यात आपलीच नाडी लागते, मग पेशंटची मोजतोय का स्वतःची तेच कळत नाही. पूर्ण एक मिनिट मोजायला लावलं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्या एका मुलाला परत मोजायला लावलं, कारण ठोके अनियमित असतील तर गुणाकार चुकतो. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला 60 ते 100, श्वास 12 ते 20, हे आकडे आता ती पोरं कधी विसरणार नाहीत, कारण समोरच्याच्या हातावर मोजलेत.

तसंच हॉस्पिटलातल्या कचऱ्याच्या डब्यांचं. पिवळा, लाल, पांढरा, निळा, कशात काय टाकायचं हा प्रश्न कुठेही येऊ शकतो. मॅडमनी चार रंगांच्या बादल्याच ठेवल्यात कोपऱ्यात, रिकामी सलाइनची नळी, काचेची बाटली, रक्ताचा म्हणून लाल शाईत बुडवलेला कापूस असं टेबलावर मांडतात आणि एकेकाला उठवून टाकायला लावतात. नळी लालमध्ये, काच निळ्यात, कापूस पिवळ्यात, सुई पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात. मी वॉर्डात नवीन लागलेल्या मुली बघितल्यात ज्या यात गोंधळतात, आणि इथे बारावीची पोरं न चुकता टाकत होती, खरंच फार बरं वाटलं मला.

आणि मग ते प्रसंगाचे प्रश्न. नातेवाईक ओरडतोय, बाजूच्या बेडवरचा पेशंट धापा टाकतोय, डॉक्टरांचा फोन वाजतोय, पहिलं काय कराल? पर्याय चार. मुलं म्हणाली नातेवाईकाला शांत करू. मॅडम चिडल्या नाहीत, फक्त विचारलं की ओरडायला श्वास लागतो ना, म्हणजे त्याचा श्वास चालूय, ज्याचा चालत नाही त्याच्याकडे आधी कोण बघणार? असं शिकवल्यावर उत्तर पाठ करावं लागत नाही. त्यांनी कित्येक वर्षं वॉर्डात काढलीयत ते बोलण्यातून कळतं, पुस्तकातून शिकवणाऱ्याला हे जमणार नाही.

अजून एक गोष्ट मला मनापासून आवडली. ॲडमिशन घ्यायला आलेल्या प्रत्येक मुलाला आणि पालकांना त्या अर्धा तास बसवून नर्सिंग म्हणजे नक्की काय ते सांगतात. नाइट ड्युटी, उभं राहून काम, बेडपॅन, ड्रेसिंगचा वास, मृत्यू जवळून बघणं, सगळं. आणि मग विचारतात, करायचंय का? माझ्या मामी जरा घाबरल्याच होत्या, म्हणाल्या एवढं सगळं कशाला सांगायचं लेकराला. पण मला वाटतं सांगायलाच पाहिजे. एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून नर्सिंग, असं म्हणून येणारी मुलं पहिल्या वर्षात रडतात, काही सोडून जातात, सीट वाया जाते. बहिणीने सगळं ऐकून हो म्हटलं तेव्हा मला कळलं की ही टिकेल. मुलग्यांनाही त्या तेवढ्याच आपुलकीने बोलतात, पेठ सुरगाण्याकडची तीन-चार मुलं बॅचमध्ये होती, त्यांना लाजायला होऊ नये याची फार काळजी घेतात.

आता कागदपत्रं. बाकी कुठल्या क्लासमध्ये हे मी बघितलं नाही. दर शनिवारी दुपारनंतर एक ताई फक्त फाइल तपासायला बसतात. दहावीचं सर्टिफिकेट, बारावीचं मार्कशीट, एलसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, आधार, कॅटेगरी असेल तर जातीचा दाखला, व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, नॉन क्रिमिलेयर, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) असेल तर ते. नुसती यादी देऊन सोडत नाहीत, एकेक कागद हातात घेऊन नाव जुळवून बघतात. बहिणीच्या आधारवर तिचं नाव आणि आडनाव एवढंच होतं, वडिलांचं नाव नव्हतं, दहावीच्या सर्टिफिकेटवर पूर्ण. ते त्यांनी पहिल्याच शनिवारी पकडलं आणि फॉर्म निघायच्या कितीतरी आधी आधार दुरुस्त करून घ्यायला लावलं. नॉन क्रिमिलेयर 31 मार्चला संपतं, ते चालू वर्षाचं लागतं, आणि व्हॅलिडिटीचा अर्ज तर अकरावी बारावीतच टाकून ठेवायचा, प्रवेशाच्या वेळी पळापळ करून मिळत नाही, हे त्या पालकांना पुन्हा पुन्हा सांगतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलीची सीट चांगल्या कॉलेजातली लागली होती पण व्हॅलिडिटी वेळेत आली नाही, घरच्यांचं ते दुःख मी बघितलंय, त्यामुळे या एका टेबलसाठीसुद्धा मी हा क्लास सुचवेन.

फी माफीचंही तिथेच कळलं. जुलै 2024 मध्ये शासनाचा निर्णय निघाला की आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक कोर्सला ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला पाहिजे. म्हणजे या केंद्रीय प्रक्रियेच्या फेऱ्या, कॅप राउंड, सोडून मॅनेजमेंट सीटवर गेलात तर नाही. किती पालक हे माहीत नसल्यामुळे एजंटच्या मागे लागून थेट पैसे भरून मोकळे होतात.

कॉलेज निवडायचं कसं यावरही एक पूर्ण लेक्चर असतं. तीन गोष्टी बघा म्हणतात, इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि आरोग्य विद्यापीठाशी संलग्नता. आरोग्य विद्यापीठ तर आपल्याच गावात, म्हसरूळला दिंडोरी रोडवर, 1998 पासून, तरी नाशिककरच फसतात. आणि चौथी गोष्ट, कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का आणि त्यात खरोखर पेशंट असतात का ते जाऊन बघा. हे मी शंभर टक्के सांगेन. क्लिनिकलला, म्हणजे वॉर्डातल्या प्रॅक्टिकलला, रिकामे बेड असले तर चार वर्षं काय शिकणार? एक वर्षाचा नर्सिंगचा कोर्स, लगेच नोकरी, अशा जाहिराती बसवर चिकटवलेल्या असतात, त्यावर रजिस्ट्रेशन मिळत नाही, आणि रजिस्ट्रेशन नाही म्हणजे तुम्ही नर्सच नाही. ज्यांना सायन्स नाही त्यांना मॅडम सरळ जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं सांगतात, तीन वर्षांचं, आर्ट्स कॉमर्सवाल्यांनाही चालतं फक्त बारावीला इंग्लिश पाहिजे. मी केलं तेव्हा साडेतीन वर्षांचं होतं, आणि जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांत करता येतं, त्यामुळे तो रस्ता कमी आहे असं अजिबात समजू नका.

आता जिथे कमी पडतात ते. फिजिक्सचे सर चांगले आहेत पण गाडी फार पळवतात. बोर्ड संपल्यानंतर सीईटीपर्यंत दिवस थोडे मिळतात हे मान्य, तरी अकरावीचं फिजिक्स दोन-दोन चॅप्टर एका लेक्चरला उरकणं म्हणजे ज्याचं आधीच पक्कं आहे त्यालाच कळणार. बहिणीने ते शेवटी बालभारतीच्या पुस्तकावरून घरी केलं, पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट आहेत, आणि सिलॅबस सीईटी सेलच्या साइटवर आहे, दोन्ही समोर ठेवून बसली तर फिजिक्स केमिस्ट्रीचा बराचसा भाग क्लासशिवाय होतो. बायोलॉजी मात्र इथे छान, शरीररचना मॅडम स्वतः घेतात.

कॉम्प्युटरवरची मॉक टेस्ट आहे पण मशीन कमी, बॅचला पन्नासेक मुलं, त्यामुळे नंबर लावून बसावं लागतं आणि मग कधी कधी टेस्ट कागदावरच होते. पेपर स्क्रीनवर असताना हे चालणार नाही. गावाकडच्या मुलांनी माऊस फारसा धरलेला नसतो, त्यांना जास्त वेळ मिळायला हवा. मी मॅडमना हे तोंडावर बोलले, त्यांनी मान्य केलं आणि रविवारी सकाळी मशीन मोकळी ठेवायला सुरुवात केली, तरी अजून चार-पाच घ्यायलाच पाहिजेत. एप्रिलमध्ये तो हॉल तापतो, पंखे पुरत नाहीत, पाण्याची बाटली आणि रुमाल घेऊन पाठवा. गाडी लावायला खाली जागा नाही, सोडायला येणाऱ्या पालकांनी तिथे थांबूच नये, मागे लाइन लागते. बसने येणाऱ्या दिंडोरी, कळवणच्या मुलांना निमाणीला उतरून रविवार कारंज्यावरून चालत येता येतं, सिडको सातपूरकडून यायचं तर सिटीलिंक आहेच.

फी आमच्याकडून 14 हजार घेतली, दोन हप्त्यांत, पावती दिली, फाइल तपासायचे आणि फॉर्म भरून द्यायचे वेगळे पैसे नाहीत. सायबर कॅफेवाला नुसत्या फॉर्मचे किती घेतो आणि फोटो सही उलटी अपलोड करून ठेवतो ते ज्यांनी भोगलंय त्यांना याची किंमत कळेल. आर्थिक अडचण असेल तर मोकळेपणाने बोला, एका मुलीची निम्मी फी त्यांनी माझ्यासमोर कमी केली आणि बाकीच्यांना कळूही दिलं नाही.

बहिणीला कॅपच्या दुसऱ्या राउंडला सीट लागली, हॉस्पिटल असलेलं कॉलेज, फी माफीत. सगळं श्रेय क्लासचं नाही, तिने स्वतः पहाटे उठून केलंय, पण ॲप्टिट्यूडला ती निवांत होती आणि कागदपत्र तपासणीत तिची फाइल एका फटक्यात पास झाली.

ज्यांचं पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) आधीच चांगलं आहे त्यांनी पूर्ण बॅच न घेता फक्त ॲप्टिट्यूड आणि इंग्लिशची रविवारची बॅच विचारा, ती असते पण बोर्डावर लिहिलेली नाही. बारावीत असलेल्यांनी बोर्डाची वाट न बघता दिवाळीच्या आसपासच एखाद्या शनिवारी जाऊन फाइल दाखवून या, ॲडमिशन घेतलं नाही तरी ताई बघून देतात. जाताना ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही न्या, आणि आधारला लिंक असलेला मोबाइल सोबत ठेवा, ओटीपी तिथेच लागतो.