यादी कुणाकडे टाकायची? वाणी, अ‍ॅप आणि शनिवारचा टेम्पो

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये मेव्हण्याचा फोन आला. त्याआधीचं वर्ष त्याने बंगळूरला काढलं होतं, दिवाळीनंतर पुण्याजवळ वाकडला राहायला आला. म्हणजे इथला लॉकडाऊन त्याला नवीनच. "भाऊजी, किराणा परत सात ते अकरा केलाय. तुम्ही काय करता? अ‍ॅप की वाणी?" मी "वाणी" म्हटलं, आणि का ते सांगता सांगता चहा गार झाला. त्याचं काही समाधान झालं नाही. म्हणून हे जरा सविस्तर.

२० एप्रिल २०२१ पासूनचा नियम असा होता. किराणा, भाजी, दूध या दुकानांना सकाळी सात ते अकरा, आणि घरपोच द्यायला रात्री आठपर्यंत मुभा. कागदावर पाहिलं तर निकाल इथेच लागतो. चार तासांच्या गर्दीत कोण जाईल, घरपोच मागवावं, दारात पिशवी घ्यावी, विषय संपला. मीही २०२० मध्ये हेच म्हणत होतो.

२०२० सालचा २४ मार्च आठवत असेल. रात्री आठला पंतप्रधानांचं लॉकडाऊनचं भाषण झालं आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. आमच्याकडे श्रीखंडाचा चक्का टांगलेला होता, साखर पाव किलो उरलेली, आणि गुढीला घालायच्या गाठी अजून आणायच्या होत्या. पावणेनऊला खाली उतरलो तर वाण्याची रांग पार औषधाच्या दुकानापर्यंत. रांग कसली, घोळकाच. तोंडाला रुमाल बांधलेले लोक एकमेकांच्या खांद्यावरून "शेठ, पाच किलो आटा" असं ओरडत होते. साखर मिळाली, गाठी नाही मिळाल्या. त्या रात्री मी ठरवलं की आता वाण्याकडे पाय ठेवायचा नाही, सगळं फोनवरून मागवायचं. हा निर्धार साधारण पाच आठवडे टिकला.

मॉलमधल्या मोठ्या दुकानांचं मी फारसं बोलणार नाही. एकदाच गेलो. बाहेर उन्हात पावणेदोन तास रांग, आत एका वेळी पंधरा माणसं, आणि आत शिरलं की बंद हवा, एसी आणि डाळींच्या रॅकशी सगळे पंधराच्या पंधरा. महिन्याचा बाजार एकदम भरणाऱ्यांना स्वस्त पडतं, हे कबूल.

आता अ‍ॅप. पहिले काही दिवस तर कुणाचंच धड चालत नव्हतं, तो दोष मी कुणाला देत नाही. माल होता, पण तो भरायला आणि पोचवायला माणसं नव्हती. नंतर गाडी रुळावर आली, पण स्लॉट (माल पोचवायची राखीव वेळ) नावाचं एक नवं व्रत सुरू झालं. आमच्या अ‍ॅपवर रात्री बारानंतर कधीतरी स्लॉट उघडायचे. बायको आणि मी दोन फोन घेऊन बसायचो. माझ्या फोनवर "सर्व स्लॉट भरले" आलं की तिच्या फोनवर पैसे भरायच्या पानाशी चक्र फिरत असायचं. मिळाला की आनंद असा, की जणू म्हाडाची लॉटरीच लागली. हे सगळं मी गोड मानून घेतलं. पाहिजे ते नसलं तरी चालवून घेतलं. जाडे पोहे मागवले तर पातळ आले, चिवडा करून खाल्ला. तीस वस्तूंतल्या आठ-नऊ ऐन वेळी रद्द व्हायच्या आणि नेमकं त्यात मीठ असायचं, तेही शेजारून मागितलं. भाव मात्र वाण्यापेक्षा बरे होते. छापील किमतीवर काही ना काही सूट असायचीच. महिन्याच्या बिलात आमचा दोनअडीचशेचा फरक पडत असावा. हिशेब लिहून ठेवलेला नाही, तेव्हा यावर फार विसंबू नका.

माझं मन उठलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. ती म्हणजे आमच्या सोसायटीचं फाटक.

"घरपोच" हा शब्द त्या काळात खोटाच होता. सगळ्या सोसायट्यांनी बाहेरच्यांना आत यायला बंदी केली, आमचीही त्यात होती. माल पोचवणारा पोऱ्या यायचा, फाटकाशी मांडलेल्या लांब टेबलावर पिशव्या ठेवायचा आणि पुढच्या फाटकाकडे निघायचा. वॉचमन इंटरकॉमवरून फोन करणार, आपण खाली जाऊन आणणार. म्हणजे गेटपोच. ऐकायला काहीच वाईट नाही. पण आमच्या चार विंग, आणि स्लॉट सगळ्यांना मिळायचे ते एकाच वेळचे, दहा ते एक. गाडी एकच यायची आणि चाळीस घरांच्या पिशव्या एकदम उतरायची. वॉचमन बिचारा एकामागून एक फोन लावणार. दहा मिनिटांत टेबलाभोवती वीस माणसं. पिशव्यांवर मार्करने फ्लॅटचे नंबर लिहिलेले, तेही घाईत, बी-३०२ आहे की डी-३०२ ते कळू नये असे. मग प्रत्येक जण वाकून प्रत्येक पिशवी वाचतोय. चष्म्यावर वाफ येते म्हणून मास्क हनुवटीवर. "अहो, ही तुमची का? यात नाचणीचं पीठ आहे." "नाही नाही, आमच्यात तेलाचे पाऊच असतील बघा." आणि हे सगळं एकमेकांच्या तोंडाशी तोंड नेऊन. रस्त्यापलीकडे वाण्याची रांग, तिच्याकडे बोट दाखवून आमचे एक आजोबा म्हणायचे, "लोकांना काही शिस्त नाही."

त्यानंतर लिफ्ट. चौघांनी चार कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं अशी पावलं चिकटवलेली होती. दोन्ही हातांत दहा-दहा किलो असताना कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं राहून दाखवा.

एके दिवशी मी वर येऊन पिशवी उघडली तर आत मैदा, कोको पावडर, यीस्टची दोन पाकिटं आणि लोणी. तो केकचा काळ होता, घरोघरी कुकरमध्ये केक होत होते. आमची तूरडाळ आणि शेंगदाणे कुणाच्या तरी ओट्यावर पोचले होते. फोनाफोनी करून ते घर सी विंगमध्ये सापडलं. मी त्यांच्या दारात गेलो, त्यांनी डाळीचं पाकीट आधीच फोडून डब्यात ओतलेलं, मग ते परत पिशवीत भरणं, त्यांच्या सासूबाईंनी "आत तरी या, पाणी घ्या" म्हणणं, माझं "नको नको" आणि दारातच पाच मिनिटं गप्पा. गर्दी टाळायची म्हणून मागवलेल्या एका पिशवीपायी मी त्या दिवशी फाटकावर वीस जणांत मिसळलो, दोनदा लिफ्टने गेलो आणि एका परक्या घराच्या उंबऱ्यात उभा राहिलो. वाण्याकडे गेलो असतो तर यातलं निम्मंही झालं नसतं.

हे तेव्हा नुसतं चिडून म्हटलं होतं. आज जरा जास्त खात्रीने म्हणतो. २०२० च्या मार्चमध्ये प्रयोगशाळेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं की हा विषाणू प्लॅस्टिकवर तीन दिवसांपर्यंत टिकू शकतो, पुठ्ठ्यावर एक दिवस. त्यापुढे आपण सगळ्यांनी काय केलं ते आठवा. बिस्किटांचे पुडे साबणाने धुतले, दुधाच्या पिशव्या गॅलरीत वाळत घातल्या. आमच्याकडे किराण्याची पिशवी तीन दिवस चपलांच्या स्टँडपाशी अंग चोरून बसायची. मग २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं की दूषित वस्तूला एकदा हात लागून संसर्ग व्हायची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी. म्हणजे मुख्य धोका पुड्याला चिकटून येत नव्हता, पुड्यावरून वाद घालणाऱ्या माणसाच्या श्वासातून येत होता. आणि आपण पुडा धुवून तोच वाद घालायला रोज खाली जात होतो.

वाण्याच्या रांगेची मी आरती ओवाळतोय असं समजू नका. त्यानेही २०२० च्या एप्रिलमध्ये दुकानापुढे चुन्याचे गोल आखले, पण पुणेकर त्या गोलात पिशवी ठेवून समोरच्या गुलमोहराखाली सावलीला जमायचे. पिशव्या अगदी सहा सहा फुटांवर, पोलिसांनी फोटो काढावा अशा शिस्तीत, आणि मालक एकाच फांदीखाली राजकारणावर बोलत. कुणी चप्पल ठेवायचं, कुणी वीट. नंबर आला की वीट पुढच्या गोलात.

चित्र बदललं ते वाण्याने व्हॉट्सअ‍ॅप घेतल्यावर. मेच्या सुरुवातीला शटरवर पुठ्ठा लागला, त्यावर मोबाइल नंबर आणि खाली स्केचपेनने "यादी पाठवा, तयार झाल्यावर फोन करू." काउंटरपुढे त्याने बाकडं आडवं टाकलं, वर दोरी बांधली. आपण रात्री कागदावर यादी लिहून फोटो टाकायचा. सकाळी त्याचा किंवा त्याच्या मुलाचा फोन, "झालंय, या." जायचं, बाकड्यावरची पिशवी उचलायची, क्यूआर कोडवर पैसे मारायचे, परत. मोजलं नाही, पण उघड्यावर उभं राहायचं ते दोन-तीन मिनिटं. सुट्ट्या पैशांऐवजी हातात पडणारी चॉकलेटं बंद झाली, हा वरचा फायदा. मुलांचं मत वेगळं आहे.

त्यात त्रास नाही असं नाही. अक्षर लागलं नाही की तो स्वतःच्या मनाने देतो. एकदा मी "पाव शेंगदाणे" लिहिलं, तर शेंगदाणे आले आणि बरोबर लादीपाव. मोहरीची पुडी विसरतो. ज्या कंपनीचं त्याला परवडतं त्याच कंपनीचं साबण देतो. भाव छापील, सूट नाही, आणि २०२० मध्ये सुट्या डाळी त्याच्याकडे महाग होत्या यात शंका नाही. मास्क नाकाखाली असायचा, म्हणून मी बाकड्याच्या अलीकडेच थांबायचो. पण एक आहे. नाही ते नाही असं तो आधी सांगतो. मीठ संपलं असेल तर सकाळी फोनवर म्हणतो, "मीठ उद्या येईल, आज घरातलं चालेल ना?" आणि रद्द झालेल्या वस्तूसाठी मला परत बाहेर पडावं लागत नाही. अडीचशे रुपयांचा फरक मी त्या एका फोनच्या खात्यावर टाकतो.

२०२० च्या जुलैमधल्या पुण्याच्या दहा दिवसांच्या लॉकडाऊनमध्येही हाच हिशेब कामी आला. पहिले पाच दिवस किराणाही बंद राहणार असं जाहीर झालं आणि आदल्या दोन दिवसांत रस्त्यावर पाडव्याच्या आदल्या रात्रीसारखीच झुंबड. आमची यादी त्याच्याकडे आधीच पडलेली होती. संध्याकाळी सातला मागच्या दाराने पिशवी मिळाली. ओळखीचा फायदा घेतला, खोटं कशाला बोलू.

शनिवारचा टेम्पो भाजीपुरता उत्तम. २०२० च्या एप्रिलमध्ये मार्केट यार्ड या पुण्याच्या घाऊक बाजारातली भाजी-फळांची उलाढाल थांबली, तेव्हा शेतकरी गटांनी सरळ सोसायट्यांमध्ये माल आणायला सुरुवात केली. आमच्याकडे खेड-मंचरच्या बाजूचा एक गट येतो. ठरलेल्या पैशात ठरलेली टोपली, निवडायला वाव नाही. ताजी असते, पण टोपलीत काय येईल ते पावसासारखं. सलग पाच आठवडे दुधी आला. दुधीची भाजी, थालीपीठ, कोफ्ते, हलवा झाला, सहाव्या आठवड्यात टेम्पो दिसताच मुलगी आतल्या खोलीत गेली. तरी तिथे रांग विंगप्रमाणे वेळा वाटून, उघड्या पार्किंगमध्ये असते, आणि टोपली उचलली की झालं. डाळ-तांदूळ मात्र तिथून नको. एकदा घेतलेल्या ज्वारीत पोरकिडे निघाले. आता हा दोष गटाचा की आमच्या डब्याचा, यावर घरात दोन मतं आहेत.

आता मेव्हण्याच्या प्रश्नाकडे. तेव्हाचं माझं उत्तर हे. तुमचा वाणी यादी घेत असेल आणि पायी जाण्याइतका जवळ असेल, तर मी तरी तिकडेच झुकेन. आमचा दोनशे पावलांवर आहे, तुमच्या नव्या टॉवरांच्या भागात तो दोन किलोमीटरवर असेल तर गणित बदलतं. घरात फक्त वयस्कर माणसं असतील, किंवा कुणी आजारी, घर विलगीकरणात, तर अ‍ॅपला पर्याय नाही आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त आधी आपल्या फाटकाशी जाऊन एकदा बघा. पोऱ्याला दारापर्यंत येऊ देतात का, की टेबलावर ढीग पडतो? येऊ देत नसतील तर निदान समितीला सांगून विंगप्रमाणे वेळा तरी करून घ्या, किंवा पिशवी तासभर तिथेच राहू द्या आणि सगळे गेले की उतरा. आईस्क्रीम मागवलं नसेल तर काही बिघडत नाही. आणि तो पोऱ्या दिवसभरात अशी तीस फाटकं करतो, त्याला टेबलाशी सॅनिटायझरबरोबर पाण्याची बाटलीही ठेवा.

२०२१ चं ऊनही तसंच होतं आणि बातम्या आदल्या वर्षीपेक्षा वाईट. घरात आम्ही ठरवलं होतं की आठवड्यातून एकदाच खाली उतरायचं, तेही मीच. अशाच एका रात्री यादी टाकली. कैरीच्या लोणच्यासाठी मोहरीची डाळ, हिंग, मेथ्या, दोन किलो मीठ, गूळ, अर्धा किलो पोहे. सकाळी सातला दोन निळ्या खुणा झाल्या आणि सव्वासातला मेसेज आला: "पोहे जाडे ना साहेब?"