कॅमेऱ्यापुरते दिलेले पाचशे रुपये

मी मूळचा सावंतवाडीचा असून गोव्यातील पर्वरी आणि म्हापसा भागात घरपोच जेवण पोचवण्याचे काम करतो. गेल्या पावसाळ्यात माझी जी फसवणूक झाली, तशीच पुढे इतर रायडरांचीही झाल्याचे कळल्यामुळे हे लिहीत आहे.

पर्वरीतील एका इमारतीखाली रात्री रोखीची ऑर्डर घेऊन गेलो असता तीन तरुणांनी जेवण ताब्यात घेतले, स्कूटरची चावी काढली आणि माझ्या बॅगेत अमली पदार्थ सापडल्याचे सांगून पोलिसांना बोलावण्याची धमकी दिली. परराज्याच्या नंबरप्लेटची गाडी चालवणाऱ्याला गोव्यात ही धमकी किती खरी वाटते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मी हात जोडल्यावर ते हसले आणि लपवलेला मोबाइल दाखवून हा प्रँक असल्याचे म्हणाले. मग पाचशेची नोट हातात ठेवून, ‘दादा, काही तक्रार नाही ना?’ असे विचारले. चावी अजून त्यांच्याकडेच असल्यामुळे तक्रार नाही असे सांगण्यावाचून गत्यंतर नव्हते. चित्रीकरण थांबताच नोट परत घेतली, जेवणाचे पैसे दिले नाहीत आणि ऑर्डर मिळालीच नाही, असे कंपनीला कळवले. ती रक्कम माझ्या कमाईतून कापली गेली. चित्रफितीत मात्र ते दानशूर ठरले.

गोव्यात भाड्याने मोटारसायकलवरून प्रवासी नेणाऱ्या ‘पायलटां’च्या वाटेला असे लोक सहसा जात नाहीत, कारण थांब्यावर त्यांचे सोबती उभे असतात. आम्ही एकटे असतो, आणि ग्राहकाशी आवाज चढवला तर रेटिंग जाते किंवा आयडी बंद होतो. आमच्या या असहायतेवरच त्यांची करमणूक उभी आहे, आणि ती मला क्रूर वाटते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मधील फसवणुकीच्या व्याख्येत मालमत्तेबरोबरच मनाला आणि प्रतिष्ठेला होणारी हानीही येते, तर कलम 28 नुसार इजेच्या भीतीने दिलेली संमती ही संमती ठरत नाही. त्यामुळे कॅमेऱ्यासमोर होकार दिला असला तरी तक्रार करता येते. अशा वेळी तिथूनच 112 वर फोन करावा, ऑर्डरचा क्रमांक आणि चित्रफितीचा दुवा जपावा, आणि ती काढून टाकली जाण्यापूर्वी स्क्रीनशॉट घ्यावेत. समाजमाध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडेही लिहावे. त्याला 24 तासांत पोच देणे बंधनकारक आहे.

प्रेक्षकांनी अशी चित्रफीत पुढे न पाठवता तिचा दुवा ओळखीच्या रायडरांना कळवावा, कारण आपले चित्रीकरण प्रसिद्ध झाले आहे, हेच अनेकदा त्या माणसाला ठाऊक नसते.