हरलेला हात: पैशांची वही की निर्णयांची?

गोव्याच्या कॅसिनोत ब्लॅकजॅक, म्हणजे पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायचा पत्त्यांचा खेळ, खेळून नागपूरला परतलो की फुटाळ्याच्या काठी चहा घेत तोच एक हात आठवत बसायचो. काउंट, म्हणजे निघून गेलेल्या पानांची मोजणी, माझ्या बाजूने चढलेला, मोठा डाव लावलेला, माझे अकरा, डीलरची छक्की. डबल केलं, म्हणजे डाव दुप्पट करून एकच पान घेतलं; आली दुर्री. डीलरने आधी राजा ओढला, मग पंजा. एकवीस! पोटात खड्डाच पडला.

पैशांची वही हिशेबाला हवीच, पण रोज उघडली की जखमेवर मीठ. पानं मोजणाऱ्याची आघाडी जेमतेम 1 टक्क्याच्या आसपास; शंभर हातांच्या हारजितीवरून काही म्हणजे काही कळत नाही.

निर्णयांच्या वहीत फक्त काउंट, पानं आणि मी काय केलं. मोजणी अशी: 2 ते 6 ला अधिक एक, दश्शी ते एक्क्याला उणे एक. मोजणी चुकली होती का? नाही. डबल बरोबर होतं का? शंभर टक्के. छक्कीवर डीलर 100 पैकी साधारण 42 वेळा फुटतो, म्हणजे एकवीसच्या वर जाऊन हरतो; त्या दिवशी नाही फुटला. एवढं लिहिलं की झोप लागते, खरंच. मोजणी माझीच चुकली असेल, तर मात्र लाल पेन. मला खरा तोटा तोच वाटतो.

पैशांची वही आता महिन्यातून एकदाच काढतो.