लॉ कॉलेज चौकाजवळची स्पोर्ट्स लॉची शनिवारची बॅच, माझा अनुभव

२०१० ला तेलंगणाच्या आंदोलनामुळे आयपीएलमधल्या हैदराबादच्या डेक्कन चार्जर्स टीमच्या काही होम मॅचेस आपल्या नागपूरच्या जामठा स्टेडियमला आल्या होत्या ना, तेव्हा मी शाळेत होतो आणि मला खरंच वाटलं की आता ही टीम आपलीच झाली. पुढच्या सीझनला टीम परत हैदराबादला. टीम कुठं खेळणार हे ठरवतं कोण, हे तेव्हापासून डोक्यात होतं, म्हणून लॉ कॉलेज चौकाजवळच्या एका क्लासमध्ये कॉम्पिटिशन लॉ (धंद्यातली स्पर्धा कोणी दाबू नये यासाठीचा कायदा) आणि स्पोर्ट्सची आठ शनिवारांची बॅच केली.

मॅडम जबरदस्त शिकवतात. पहिले तीन शनिवार फक्त ओकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉल टीमची केस. मला वाटलं काहून एकाच केसवर एवढा वेळ घालवून राहिल्या, पण तीच केस सगळ्याचं मूळ आहे. लॉस एंजेलिसचं कोलिझियम स्टेडियम रिकामं पडलं कारण रॅम्स टीम १९८० ला अनाहाइमला गेली, मग रेडर्सचे मालक अल डेव्हिस तिथं जायला निघाले, पण एनएफएलचा, म्हणजे त्यांच्या फुटबॉल लीगचा, नियम असा की दुसऱ्या टीमच्या हद्दीत जायचं तर तीन चतुर्थांश मालकांचा होकार पाहिजे. मतदान झालं, विरोधात २२, बाजूनं शून्य, ५ तटस्थ. म्हणजे बाजारात नवीन दुकान टाकायचं का ते बाकीचे दुकानदार ठरवणार! लीग म्हणे आम्ही सगळे मिळून एकच धंदा, कोर्टानं ते मानलं नाही. १९८२ ला ज्युरीनं रेडर्सच्या बाजूनं निकाल दिला, १९८४ ला अपील कोर्टानं तो कायम ठेवला.

मग सहाव्या शनिवारी मॅडमनी दुसरी बाजू दाखवली तेव्हा मी खरंच हललो. रेडर्स १९९५ ला ओकलंडला परत आले, २०२० ला लास वेगासला निघून गेले. ओकलंड शहरानं २०१८ ला त्याच अँटीट्रस्ट कायद्याखाली (अमेरिकेतला कॉम्पिटिशन लॉ) लीगवर केस केली, आणि २०२१ ला त्याच अपील कोर्टात (नाइन्थ सर्किट) हरलं, कारण लीगनं टीमांची संख्या मर्यादित ठेवली नसती तर आपल्याला दुसरी टीम मिळालीच असती हे शहराला दाखवता आलं नाही. मालकाला जायचं होतं तर कायदा कामी आला, शहराला नुकसान भरून पाहिजे होतं तर नाही आला. हे मला कुठल्याच नोट्समध्ये इतकं स्पष्ट मिळालं नव्हतं. बेसबॉलला या कायद्यातून १९२२ पासून मिळालेली सूट वगैरे अर्ध्या तासात उरकलं, तेवढं पुरे होतं.

तक्रार एकच पण मोठी आहे. भारताचा भाग शेवटच्या शनिवारी घाईघाईत झाला. २००२ चा आपला कॉम्पिटिशन अ‍ॅक्ट, कलम ४ (बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर), आणि कॉम्पिटिशन कमिशननं २०१३ ला बीसीसीआयला ठोठावलेला ५२.२४ कोटींचा दंड, जो २०१५ ला ट्रिब्युनलनं रद्द केला आणि २०१७ ला कमिशननं तेवढाच पुन्हा लावला, हे सगळं दीड तासात! दंड ज्यासाठी झाला ते, म्हणजे दुसरी लीग चालू देणार नाही अशी हमी बीसीसीआयनं आयपीएलच्या ब्रॉडकास्टरला देणं, यावरच दोन शनिवार पाहिजे होते. आपल्या पोरांना काम तर इथंच करायचं आहे. रेकॉर्डिंगपण देत नाहीत, माझा एक शनिवार तापामुळे गेला तो गेलाच.

तरी एलएलबीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल तर नक्की करा. पहिल्या दोन रांगांत बसा, मागं कूलरचा आवाज फार येतो.