चप्पल लाईनमधील एका लहान दुकानाविषयी

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधील एका लहानशा दुकानातून मी गेल्या पावसाळ्यानंतर कापशी ही कोल्हापुरी प्रकारातली चप्पल करून घेतली आणि तेव्हापासून ती रोज वापरतो आहे. बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले चामडे आणि एकही खिळा न मारता कातडी वादीने घातलेली शिलाई, ही 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरीची मूळ लक्षणे येथे काटेकोरपणे पाळली जातात. चप्पल दोन आठवड्यांऐवजी महिन्याने मिळाली, ही तक्रार मात्र नोंदवायलाच हवी.

उशिराचे कारण मी स्वतः पाहिले. टाचेच्या थरांमध्ये, जेथे कोणाची नजर जाणार नाही, तेथील एक टाका सैल वाटला म्हणून कारागीर मामांनी पूर्ण ओळ उसवली आणि वादी पाण्यात भिजवून पुन्हा ओवायला घेतली. "राहू द्या मामा, कोणाला दिसतंय?" असे मी म्हणून गेलो, आणि लगेच बायबलमधील, प्रेषित पौलाने कलस्सैकरांना म्हणजे कलस्सै शहरातील ख्रिस्ती लोकांना लिहिलेले पत्र आठवले. काम माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जीव ओतून करा, हे त्याने तेथे चक्क दासांना सांगितले आहे; तो स्वतःही तंबू करून पोट भरत असे. रविवारची उपासना आणि सोमवारी आरीने चामड्याला पाडलेले भोक यांत देवाच्या लेखी उच्च-नीच नाही, अशी आम्हा ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. मामांचा धर्म मी विचारला नाही.

पहिले चार दिवस अंगठ्याला चप्पल लागते; खोबरेल तेल लावल्यावर पट्टा मऊ होतो.